दिगंबररावांचा सुरण

"यंदाच्या आवळीभोजनाला सुरणाची भाजी मी करणार. तू स्वयंपाकघरात पाऊलसुद्धा टाकायचं नाहीस," दिवाळीचा फराळ संपायच्या आतच दिगंबरराव सहस्रबुद्ध्यांनी जाहीर करून टाकलं.

हेमाताई तेव्हा उरल्यासुरल्या चिवड्यातले शेंगदाणे वेचून वेगळे काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मग बाकीचा स्वयंपाक मी अंगणात करू का?"

"अगं, सुरणापुरतं म्हणतोय मी."

"मग तसं म्हणा."

दिगंबररावांनी तसं म्हटलं. पण त्यांच्या मनात नुसता सुरण नव्हता. त्यामागे एक मोठा बेत होता, आणि तो समजायला त्यांची थोडी हकीकत सांगायला हवी.

दिगंबररावांचा सगळा जन्म शनिवार पेठेत गेला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि शेती म्हणाल तर खिडकीतल्या कुंडीतली एक तुळस. कचेरीत फायलींवर शिक्के मारताना मात्र त्यांना सारखी काळी आई दिसायची. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी पुण्याबाहेर, मांजरी गावात एक बैठं घर घेतलं. मागं चांगलं ऐसपैस अंगण, त्यात एक आवळ्याचं झाड, आणि कुंपणापलीकडं उसाचा फड. दिगंबररावांना वाटलं, आपण आता मरेपर्यंत इथून हलायचं नाही.

हेमाताईंना तसं वाटलं नव्हतं. त्यांचं भजनी मंडळ पेठेत होतं, मैत्रिणी पेठेत होत्या, आणि ओळखीचा वाणी, ओळखीचा शिंपी, ओळखीची भांडणं हे सगळंच पेठेत होतं. भजनाच्या तालमीसाठी त्या दर आठवड्याला बसनं धक्के खात जायच्या आणि आल्यावर काही न बोलता पाय शेकत बसायच्या. त्यांचं ते न बोलणं दिगंबररावांच्या जिवाला लागायचं. त्यातच पेठेतल्या जागेचा भाडेकरू म्हणाला, मी मार्गशीर्षात जागा सोडतोय. दिगंबरराव म्हणाले, "दुसरा बघू या." हेमाताई नुसत्या "बघू" म्हणाल्या. आता, पुण्यात 'बघू' या शब्दाचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. दिगंबररावांना बिऱ्हाड उचलून टेम्पोत चढताना दिसू लागलं.

अशात बातमी आली की, कार्तिकात लोणी काळभोरला भजनस्पर्धा आहे आणि हेमाताईंचं मंडळ तिथं गाणार आहे. मांजरी वाटेवरच. दिगंबररावांनी बेत आखला. सगळ्या बायकांना आधी घरी बोलवायचं. कार्तिकात आवळ्याखाली बसून जेवायची रीत आहेच. त्या झाडाखाली आपल्या अंगणातल्या भाजीचं जेवण त्यांना वाढायचं. त्या म्हणतील, "हेमा, भाग्यवान आहेस गं." ते ऐकून हेमाच्या 'बघू'चं 'राहू' होईल.

बेत उत्तम होता. त्यात एकच अडचण होती, ती म्हणजे अंगणातली भाजी. टोमॅटो दिगंबररावांच्या आधी अळ्यांना आवडले होते. नवलकोल गोटीएवढे होऊन थांबले होते. भेंडी उद्या काढू, उद्या काढू म्हणता म्हणता अशी जून झाली होती की तिनं खिळा ठोकता आला असता. भरभरून आला होता तो एक लाल भोपळा, आणि दुसरा सुरण. मे महिन्यात लावलेल्या एका फोडीवर दिगंबररावांनी पोटच्या पोरासारखी माया केली होती. पावसाळ्यात त्याची छत्री उघडली, दसऱ्याला पिवळी पडली, दिवाळीत कोलमडली. म्हणजे खाली जमिनीत सुरण तयार झाला होता.

जेवणाच्या दिवशीच तो काढायचा असा दिगंबररावांचा आग्रह. "मातीतून थेट पातेल्यात," ते म्हणाले. "शहरात कुणाच्या नशिबात असतं हे?"

सकाळी ते कुदळ घेऊन उभे राहिले तेव्हा कुंपणावरून शेजारच्या रणजित घुल्यानं डोकं काढलं. रणजितचे आजोबा, पणजोबा सगळे मांजरीचे बागायतदार. रणजित जमिनीचे व्यवहार करायचा आणि घरची भाजी मोबाइलवरून मागवायचा.

"काका, काय पुरलंय?"

"पुरलेलं नाही. सुरण काढतोय."

"सुरण म्हंजी?"

दिगंबरराव थांबले. "अरे, तू शेतकऱ्याचा मुलगा ना?"

"ऊस हाय की आमचा. त्यो आपला आपण येतो," रणजित म्हणाला. "सुरण आमच्यात कोन खात न्हाई. चांगला लागतो व्हय?"

"दुपारनंतर ये. भाजी ठेवतो तुला."

एवढं बोलून दिगंबररावांनी जोर लावला. सुरण अखंड बाहेर यायला हवा होता, तुकडा पडला तर कौतुक कसलं? त्यांनी भोवतीनं माती उकरली, दोन्ही हात खाली घातले आणि ओढलं. सुरण सुटला, दिगंबररावही सुटले आणि दोघं मिळून पालापाचोळ्याच्या ढिगात जाऊन बसले. पण काय सुरण होता! चांगला मोदकपात्राएवढा, वर मिशांसारखी मुळं. बाळंतघरातून नर्स बाळ आणून दाखवते तसा दोन्ही हातांवर धरून त्यांनी तो हेमाताईंना नेऊन दाखवला.

हेमाताईंनी त्याच्याकडं पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीला चिकटलेल्या पाचोळ्याकडं पाहिलं. "छान आहे. पण आज काढलेला आजच खातात का? थोडे दिवस वाळू देतात ना? नाहीतर खाजतो म्हणतात."

"ते बाजारच्या सुरणाचं. घरचा ताजाच खायचा."

"असं कुणी सांगितलं?"

"तर्कानं कळतं."

तर्कानं कळणाऱ्या गोष्टींवर हेमाताई वाद घालत नसत. "चिंचेच्या कोळात उकडा भरपूर," एवढं सांगून त्या आवळ्याखाली सडा घालायला निघून गेल्या. त्यांचा बाकीचा स्वयंपाक पहाटेच उरकला होता. वरण-भात, कोथिंबीरवड्या, भोपळ्याचे घारगे, सगळं झाकून ठेवलेलं होतं. वड्यांबरोबरची चिंच-खजुराची चटणी तेवढी व्हायची होती.

दिगंबररावांनी हाताला कोपरापर्यंत तेल चोपडलं आणि सुरण चिरायला घेतला. अर्धा चिरून होतो न होतो तोच तेलाला न जुमानता खाज सुटली. आधी बोटांना, मग मनगटांना, मग जिथं हात लावला नव्हता तिथंही. म्हैस बाभळीला अंग घासते तसे ते दाराच्या चौकटीला दंड घासू लागले. तेवढ्यात हेमाताई पाणी न्यायला आत आल्या.

"काय करताय?"

"व्यायाम. खांद्याचा."

हेमाताई बादली घेऊन गेल्या. दिगंबररावांनी मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं. वाफेनं चष्मा धुरकटला, तेलकट हातानं पुसायला गेले तर आणखीच बरबटला, म्हणून त्यांनी तो फ्रिजवर काढून ठेवला. मग फ्रिज उघडला. समोर प्लास्टिकच्या पिशवीत एक काळपट तपकिरी गोळा होता. त्यांनी तो काढला, गरम पाण्यात भिजवला, कुस्करला आणि गाळण्यातून घट्ट पिळला. कोळ इतका सुंदर दाट निघाला की दिगंबररावांचा ऊर भरून आला. तो सगळाच्या सगळा त्यांनी पातेल्यात ओतला. चव बघितली नाही, कारण बोट तोंडात घालायची त्यांना भीती वाटत होती.

जरा वेळानं हेमाताई चटणी करायला आल्या. फ्रिजमध्ये त्यांना एकच गोळा मिळाला, चिंचेचा. "खजूर आणायचा राहिलाच वाटतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि सगळी चिंच गुळात घालून चटणी करून मोकळ्या झाल्या. दिगंबरराव तेव्हा बाहेर सतरंजी झटकत होते.

बायकांची गाडी आली. मंडळाच्या प्रमुख पद्मजाताई सगळ्यांत आधी उतरल्या. पद्मजाताई जन्मभर शाळेत गायन शिकवत होत्या, आणि अजूनही समोर माणसं दिसली की त्यांना वर्गच दिसायचा. त्यांच्यामागून पेटी वाजवणाऱ्या चंद्रभागाबाई, मंडळातल्या सगळ्यांत वडील. त्यांच्या मागं अक्षता, सगळ्यांत लहान, कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करणारी, आणि मग बाकीच्या चार-पाचजणी.

"सगळ्यांचे मोबाइल इकडं," उतरल्या उतरल्या पद्मजाताईंनी कापडी पिशवी पुढं केली. "आवाज बंद करून टाका. स्पर्धा संपेपर्यंत कुणाला काही मिळणार नाही. आणि घसे सांभाळा. थंड पाणी नाही, मोठ्यानं बोलणं नाही. आज कुणाचा घसा बसला तर तिची ओळ मी दुसरीला देणार. रडायचं नाही."

आवळ्याची पूजा झाली. अक्षतानं एक आवळा तोडायला हात वर केला, तर पद्मजाताई म्हणाल्या, "आमच्या सासरी पूजेच्या दिवशी झाडाला हात लावत नाहीत." हात खाली आला. पानं मांडली, सावली हलत होती, उसावरून वारा येत होता, आणि दिगंबरराव स्वतः परात घेऊन वाढायला निघाले.

पहिला घास पद्मजाताईंनी घेतला. दिगंबरराव निकालाला थांबलेल्या मुलासारखे उभे.

"गोडसर लागतोय," पद्मजाताई म्हणाल्या. "बरा झालाय."

पद्मजाताईंच्या तोंडून 'बरा' ऐकायला शाळेतल्या पिढ्या तरसल्या होत्या. दिगंबरराव हवेत गेले. त्यांनी आग्रह करकरून वाढलं. "घरचा आहे, सकाळी काढलाय," असं म्हणत प्रत्येकीच्या पानात डाव रिकामा केला. नाही कसं म्हणणार? यजमान स्वतः रांधून वाढत होते. चंद्रभागाबाई तर दोनदा घ्या म्हटल्यावर तीनदा घेणाऱ्यातल्या. हेमाताई घारगे आणि तूप घेऊन मागून फिरत होत्या. त्यांच्या कानावर "भाग्यवान आहेस गं" पडलेलं दिगंबररावांनी पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाजेसारखं काहीतरी आलेलंही पाहिलं. बेत तडीला जात होता.

ताकभातापर्यंत पोचता पोचता पंगत मात्र शांत झाली. दिगंबररावांना वाटलं, तृप्ती.

ते रिकामी परात घेऊन स्वयंपाकघरात आले, तर मागोमाग चंद्रभागाबाई आल्या. मागं वळून बघत त्यांनी दार लोटून घेतलं.

"दिगंबरराव, जरा गरम पाणी आणि मीठ द्या. घसा धरलाय मेला. टोचतंय नुसतं."

"अहो, असं अचानक?"

"हळू बोला. पद्मजाला कळता कामा नये. माझा अभंग काढून त्या अक्षताला देईल. ती टपलेलीच आहे."

दिगंबररावांनी पाणी दिलं, शपथही घेतली. चंद्रभागाबाई गुळण्या करून गेल्या, तर मागल्या दारानं अक्षता आत.

"काका, मध आहे का प्लीज? माझा थ्रोट टोटल गेलाय. काटे बोचल्यासारखं होतंय. काल आइस्क्रीम खाल्लं ना मी. पद्मजाकाकूंना बोलू नका हां, त्या मला ग्रुपमधूनच काढतील."

दिगंबररावांनी मध दिला. आता त्यांना शंका येऊ लागली. सुरणाची शंका आली असेल, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही दिगंबररावांना ओळखलं नाही. त्यांना शंका आली मांजरीच्या हवेची. उसाची तोडणी सुरू झालेली, पाचटाची धूळ उडत होती. पेठेतल्या नाजूक घशांना ती सोसली नसणार. आणि हे जर हेमाला कळलं, तर? "बघा, इथली हवा माणसांना मानवत नाही," असं म्हणून ती उद्याच पेठेतली जागा झाडायला जाईल. म्हणजे हे कुणाला सांगायचं नाही, हे आता त्या बायकांपेक्षा दिगंबररावांच्याच हिताचं होतं.

तेवढ्यात खुद्द पद्मजाताई आत आल्या. ताठ मानेनं, पण एक हात गळ्यावर.

"हळद आहे?"

"आहे."

"दुधात घाला. आणि दिगंबरराव, ही गोष्ट या खोलीतच राहील."

"अर्थात," दिगंबरराव म्हणाले. त्यांनी हळदीचं दूध दिलं. मग आणखी दोघी आल्या, एकीला लवंग हवी होती, एकीला ज्येष्ठमध. प्रत्येकीनं गुप्ततेची शपथ घातली. प्रत्येकीला वाटत होतं की, एवढ्या मोठ्या दिवशी घसा आपलाच गेला. आणि डॉक्टरासारखा गंभीर चेहरा करून दिगंबरराव प्रत्येकीला सांगत होते, "काळजी करू नका. हवाबदल आहे. लोणीला पोचेपर्यंत बरं वाटेल."

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. हेमाताईंचं वाढण्याच्या गडबडीत जेवण राहिलं होतं. त्यांनी दोन घारगे डब्यात टाकले, टाळ घेतले आणि चपला घातल्या. "तुम्ही जेवून घ्या, आणि पातेली भिजत घाला," त्या म्हणाल्या. मग दारात थांबून, जरा वेगळ्याच आवाजात, "छान झालं हं आजचं," असंही म्हणाल्या.

गाडी गेली. अंगणात दिगंबरराव आणि उष्टी पानं राहिली. त्यांनी पानं उचलली, सतरंजी घडी केली, मग आपलं पान वाढून घेतलं आणि त्या सुरणाचा पहिला घास तोंडात टाकला. गोड लागला. सुरण गोड कसा, असा प्रश्न मनात येतोय तोच जिभेच्या मुळाशी एक मुंगी चावली. मग दहा. मग आख्खं वारूळ.

ते धडपडत स्वयंपाकघरात आले. चष्मा फ्रिजवर होता, तो डोळ्यांवर चढवला आणि मोरीतल्या गाळण्यात पाहिलं. चिंचोके असायला हवे होते, चपटे, चकचकीत. गाळण्यात लांबुळक्या, मधोमध चीर असलेल्या बिया होत्या. खजुराच्या.

त्या बियांकडं बघताना दिगंबररावांना चंद्रभागाबाई दिसल्या, अक्षता दिसली, हळदीचं दूध पिणाऱ्या पद्मजाताई दिसल्या. मंडळ घसा चोळत स्पर्धेला निघालं होतं आणि त्यांना पोचवायला आपण हात हलवत फाटकापर्यंत गेलो होतो.

त्यांनी हेमाताईंना फोन लावला. पद्मजाताईंच्या पिशवीच्या तळाशी तो मुक्यानं वाजत राहिला असणार.

"काका, भाजी ठिवली का?" मागून आवाज आला. दिगंबरराव वळेपर्यंत रणजितनं पातेल्यात हात घालून दोन मोठ्या फोडी तोंडात टाकल्या होत्या.

"अरे, नको, नको..."

"गोड हाय की," रणजित म्हणाला, आणि तिसरी फोड घेतली. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "काका," तो खाकरला, "ह्ये काय हाय?"

"सांगतो. आधी चिंच आण तुमच्याकडची. आणि गाडी काढ."

रणजितच्या घरात चिंच कुठं असते हे रणजितला ठाऊक नव्हतं. त्याची आई मालनबाई गावच्या भजनी मंडळाबरोबर सकाळीच लोणीला गेली होती. त्यानं सगळे डबे उघडले आणि साबुदाणा घेऊन परत आला. तोवर अंगणात येऊन थांबलेल्या दिगंबररावांची नजर वर गेली होती. डोक्यावर आवळ्यांनी झाड लगडलं होतं. आंबट, तुरट, हवे तेवढे. ज्या झाडाखाली ते सगळे घसे धरले होते, त्याच झाडाला औषध लटकत होतं. पद्मजाताईंच्या सासरची मनोभावे क्षमा मागून दिगंबररावांनी फांदी हलवली.

बुलेटवरून दोघं निघाले. पुढं रणजित, मागं मांडीवर आवळ्यांची पिशवी घेतलेले दिगंबरराव. दोघंही आवळे चघळत होते, दोघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सोलापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. एका ट्रॉलीवाल्यानं त्यांचे चेहरे पाहिले, कुणीतरी गेलंय असं समजून गाडी बाजूला घेतली आणि हात जोडले. दिगंबररावांनीही जोडले.

लोणीला स्पर्धा होती त्या मंगल कार्यालयाच्या दारात एका स्वयंसेवकानं त्यांना अडवलं. "कुठल्या मंडळाचे?"

रणजितनं सांगायला तोंड उघडलं, त्यातून नुसती शिट्टी आली. "हे माझे..." दिगंबररावांनी सुरुवात केली आणि खोकल्याची उबळ आली. स्वयंसेवकानं मोठ्या कनवाळूपणानं पिशवी पाहिली, "प्रसाद होय?" म्हणाला, आणि त्यांना आत सोडलं.

आत पाऊल ठेवतात तोच ध्वनिक्षेपकावर मंडळाचं नाव पुकारलं गेलं. एका रंगाच्या साड्या नेसून बायका मंचावर बसल्या होत्या. मधे पद्मजाताई, शेजारी पेटीवर चंद्रभागाबाई, आणि सगळ्यांत मागं, खांबाच्या आड अर्ध्या झाकलेल्या, टाळ घेतलेल्या हेमाताई. दिगंबरराव पिशवी पोटाशी धरून खुर्च्यांमधून पुढं सरकू लागले, पण उशीर झाला होता. पेटीचा सूर लागला. पद्मजाताईंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

गंजलेल्या बिजागरीसारखा एक आवाज आला आणि थांबला.

पद्मजाताईंनी डोळे उघडले. चंद्रभागाबाईंकडं पाहिलं, तू घे. चंद्रभागाबाईंनी मान हलवली आणि अक्षताकडं पाहिलं. अक्षतानं शेजारणीकडं. नजर अशी रांगेनं फिरत गेली, आणि प्रत्येकीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आश्चर्य आणि मग भीती दिसत गेली. पेटी तोच सूर धरून बसली होती. समोर सभागृहात कुजबुज सुरू झाली. दिगंबररावांना वाटलं, आवळ्यांसकट जमीन पोटात घेईल तर बरं.

आणि मागून गाणं आलं.

हेमाताई बसल्या जागेवरून गात होत्या. ध्वनिक्षेपक त्यांच्यापासून लांब होता, पण काही अडलं नाही. आवाज सरळ खांबाला वळसा घालून सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला. दिगंबररावांनी लग्नानंतर हा आवाज इतका मोकळा कधी ऐकला नव्हता. पेठेत भिंतीला भिंत लागून, बाळ झोपलेलं असायचं, शेजारी परीक्षा असायची. हेमाताई कायम अर्ध्या आवाजात गायल्या. मग हा गळा कधी उघडला? आणि त्यांना आठवलं, की मांजरीला आल्यापासून रोज सकाळी कपडे वाळत घालताना अंगणात कुणीतरी गात असायचं. त्या वेळी आपण वाकून सुरणाच्या बुडाला शेणखत घालत असायचो. वर मान करून बघितलं नव्हतं.

पद्मजाताई गुरू होत्या हे खरं. त्यांनी एका क्षणात ओळखलं, सरकून जागा केली आणि हातानं हेमाताईंना पुढं बोलावलं. गाताना हेमाताई पुढं आल्या. बाकीच्या ओठ घट्ट मिटून टाळ धरत राहिल्या. संपलं तेव्हा टाळ्या पडल्या, आणि दिगंबररावांना टाळ्या वाजवता येईनात, कारण हातात आवळे होते.

मंचामागं त्यांनी सगळं सांगितलं. खजूर, चष्मा, गाळणं, काही लपवलं नाही. कुणाला काही बोलता येत नव्हतं हे त्यातल्या त्यात बरं होतं. सगळ्याजणी आवळे चघळत त्यांच्याकडं बघत होत्या. शेवटी पद्मजाताईंना घशातून घोगरा का होईना, आवाज सापडला.

"म्हणजे घशाची साथ आली नव्हती," त्या म्हणाल्या. "दिगंबरराव आले होते."

चंद्रभागाबाईंना आधी खोकला आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम आलं. अक्षता त्यांच्या पाठीवर थापट्या मारत स्वतःच हसत सुटली. हेमाताईंनी मात्र नवऱ्याचे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. मनगटापर्यंत लाल चट्टे उठले होते.

"सकाळपासून खाजतंय?"

"थोडंसं."

"आणि म्हणे व्यायाम," हेमाताई म्हणाल्या, आणि डब्यातला एक घारगा काढून त्यांच्या हातावर ठेवला.

निकाल लागला. मंडळाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी मुद्दाम सांगितलं की, साथीदारांनी मुख्य गायिकेवर कुठंही कुरघोडी केली नाही, हा संयम आजकाल दुर्मीळ आहे. पद्मजाताईंनी हे ऐकताना चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. पहिलं बक्षीस मांजरीच्याच मंडळाला गेलं. रणजितची आई मालनबाई ढाल काखेत मारून हेमाताईंना शोधत आली.

"तुमी आमच्या शेजारच्याच न्हवं? रोज सकाळी कुंपनाच्या पल्याड गाता त्या?"

"ऐकू येतं का तिकडं?" हेमाताई संकोचल्या.

"मंग! म्या तर भाकरी थापायची थांबती. आवं, गावात आपलं मंडळ असताना तिकडं पेठंला कशाला जाताय मरायला? आमच्यात या. आमाला असा गळा पायजेच हुता."

हेमाताईंनी पद्मजाताईंकडं पाहिलं. पद्मजाताईंनी खांदे उडवले. "जा. स्पर्धेपुरती आमच्याकडं ये म्हणजे झालं. बसचे धक्के खाऊन तुझा ताल बिघडतो, हे मी कधीपासून म्हणतेय."

त्या संध्याकाळी परतताना हेमाताई मंडळाच्या गाडीत दिगंबररावांच्या शेजारी बसल्या. "त्या भाडेकरूला विचारा," बाहेरच्या उसाकडं बघत त्या म्हणाल्या, "की त्याच्या ओळखीत आणखी कुणी आहे का जागा घेणारं."

दिगंबररावांना काय वाटलं ते त्यांना बोलून दाखवता आलं नाही. घसा अजून धरलेलाच होता.

अशा रीतीनं दिगंबररावांचा बेत तडीला गेला. हेमाताई मांजरी सोडून कुठंही जाणार नव्हत्या. फक्त त्या घरात नसायच्या. मंगळवारी मालनबाईंकडं तालीम, शुक्रवारी देवळात भजन, मधल्या वारी कुणाकडं बारसं, कुणाकडं सत्यनारायण. मांजरीत इतकी माणसं राहतात हे दिगंबररावांना तेव्हा प्रथम कळलं. पाला लोटणं, पाणी घालणं, निवडणं-टिपणं, सगळं आता एकट्या दिगंबररावांकडं आलं होतं. मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते अंगणात उन्हाला बसले असताना पद्मजाताईंचा फोन आला.

"हेमा आहे का?"

"नाही. बाहेर गेलीय."

"कालही गेली होती."

"उद्याही जाणार आहे."

"बरं. मग तुम्ही काय करताय एकटे?"

"पावटे सोलतोय. कुंपणावरच्या वेलाला भरपूर आलेत."

पलीकडं पद्मजाताईंनी घसा खाकरला.

"सोला," त्या म्हणाल्या. "शिजवू नका."